वडिलांवरचं कंट्री गाणं कसं बांधावं? जॉर्ज जोन्सच्या एका गाण्यावरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील जाऊन दोन वर्षं झाली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, रविवारी सकाळी घरात अमेरिकन गायक जिम रीव्हजच्या कॅसेट लावायचे. आता घरी आई आणि तुम्ही. वडिलांवर तुम्ही मराठीत, पण कंट्री (अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकगीतांतून आलेलं संगीत) ढंगाचं एक गाणं केलं आहे. गिटारवर तीन कॉर्ड, चार कडवी, ध्रुवपद. गाताना दर वेळी तुमचा गळा दाटून येतो, पण ऐकणारे ‘छान आहे’ म्हणून गप्प होतात. नमुना म्हणून तुम्ही कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ बसवायला घेतलं आहे आणि विचारलं आहे की त्यात असं काय आहे, जे तुमच्या गाण्यात उतरत नाही.

मी गिटार शिकवतो, गायकांना साथ करतो आणि या जातीच्या गाण्यांवर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमच्या गाण्यात भावना कमी नाही. ती सगळी तुम्हीच खर्चून टाकता, ही अडचण आहे. पहिल्या ओळीत ‘बाबा, तुम्ही गेलात’, दुसरीत डोळ्यांत पाणी, तिसरीत रिकामं घर. ऐकणाऱ्याला स्वतःहून काही जुळवायला, ओळखायला उरतच नाही. कंट्रीतली चांगली शोकगीतं उलट बाजूने चालतात. गाणारा माणूस साक्षीदार असतो. त्याने जे पाहिलं ते तो सांगतो, बिनचूक सांगतो, आणि मुख्य बातमी जमेल तितकी उशिरा देतो.

आता जोन्सचं गाणं याच नजरेनं पुन्हा ऐका. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन या दोघांनी ते लिहिलं, निर्माता बिली शेरिल, आणि 1980 साली ते बाहेर आलं. लांबी तीन मिनिटांच्या थोडी वर. गोष्ट साधी आहे. एक माणूस एका स्त्रीला म्हणाला होता की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली, विसरशील हळूहळू. तो विसरला नाही. तिचा फोटो भिंतीवर राहिला, मधूनमधून त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. पलंगाशेजारी 1962 सालची काही पत्रं होती आणि त्यांत जिथे जिथे प्रेमाची कबुली होती, तिथे तिथे त्याने लाल रेघ मारलेली होती. मग गोष्ट सांगणारा मित्र पहिल्यांदाच स्वतः पुढे येतो : आजच त्याला भेटून आलो, डोळ्यांत पाणी नव्हतं, कुठेतरी जायचं असावं तसे नीटनेटके कपडे, आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू पाहिलं. एवढी चार छोटी कडवी झाल्यावर ध्रुवपद येतं : आज त्याने तिच्यावर प्रेम करणं थांबवलं.

क्षणभर वाटतं, सुटला बिचारा. पुढच्याच ओळीत त्याच्या दारावर फुलांचं चक्र लावलेलं असतं.

‘मेला’ हा शब्द तिथे येत नाही. नीटनेटके कपडे, हसू, कोरडे डोळे, सगळ्याचा अर्थ एका झटक्यात उलटतो आणि तो उलटवण्याचं काम ऐकणारा स्वतः करतो. आपणच ते ओळखलेलं असतं, म्हणून ते आपल्याला लागतं. पहिल्याच ओळीत ‘माझा मित्र वारला’ असं असतं, तर तीच चार कडवी नुसती श्रद्धांजली झाली असती.

त्या सालाकडेही नीट पाहा. गाणं 1980 मधलं, पत्रं 1962 मधली. अठरा वर्षं झाली असं गायक कुठेही म्हणत नाही. तो साल सांगतो आणि पुढे जातो. वजाबाकी ऐकणाऱ्याच्या मनात होते. तुमच्या दुसऱ्या कडव्यात ‘कित्येक वर्षांचा सहवास’ आहे. तिथे एक तारीख, एखाद्या गाडीचा नंबर, एका स्टेशनचं नाव ठेवून बघा. वडील रेल्वेत होते, म्हणजे अशा गोष्टींचा घरात तुटवडा नसणार.

या गाण्याच्या जन्माची हकिकत तुमच्या कामाची आहे. लेखकांनी आधी आणलेला मसुदा शेरिलना अपुरा वाटला. त्यांचं म्हणणं होतं की ती बाई परत आली पाहिजे, त्याच्या अंत्यविधीला. मग ते कडवं लिहिलं गेलं आणि जोन्सने ते गायलं नाही, नुसतं बोलून सांगितलं. कंट्रीत गाण्याच्या मध्ये असं बोलून सांगण्याची जुनी रीत आहे. ती त्याला शेवटचं पाहायला आली, येईल की नाही असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि माझ्या मनात सारखं हेच येत होतं की आता मात्र हा तिच्यातून कायमचा मोकळा झाला. मागे एका बाईचा उंच सूर, शब्द नसलेला. त्यानंतर तेच ध्रुवपद पुन्हा.

शेरिलनी ही मागणी का केली असावी? गाणी बांधणारा कोणीही पहिल्या ध्रुवपदानंतर इथेच अडतो. बातमी देऊन झाली, आता पुढे काय? ध्रुवपद दुसऱ्यांदा तसंच म्हटलं तर ते फक्त परत म्हटलं जातं. ती येऊन गेल्यावर मात्र त्याच शब्दांचं वजन बदलतं, कारण आता ते तिच्या देखत म्हटले जातात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नव्या गाण्यांत नेमकी हीच जागा पोकळ असते. तुमच्याही. तुमचं तिसरं आणि चौथं कडवं दुसऱ्या कडव्यातल्याच आठवणी पुढे नेतात, घडत काहीच नाही.

खुद्द जोन्सना हे गाणं आवडलं नव्हतं. फार लांब, फार उदास, कोण घेणार असं त्यांचं मत होतं. त्या काळात ते दारू आणि कोकेनच्या पार आहारी गेले होते. कार्यक्रमांना न पोहोचणारा गायक अशी ख्याती, कर्जं, खंगलेलं शरीर. ध्वनिमुद्रण तुकड्यातुकड्यांनी झालं. पहिलं कडवं आणि ते बोलून सांगायचं कडवं यांच्यात दीड वर्ष गेलं असं शेरिल सांगत. गायला ज्यांना अडचण नव्हती त्यांना त्या चार बोललेल्या ओळी सरळ जिभेने म्हणता येईनात. शिवाय चाल म्हणताना ते क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्या एका गाण्याच्या चालीत घसरायचे. हे सगळं होऊन गाणं 1980 च्या जुलैमध्ये लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याला ग्रॅमी मिळालं, कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार 1980 आणि 1981 असा सलग दोनदा मिळाला, आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या मुख्य शहरात जोन्सच्या समाधीवर या गाण्याचं नाव कोरलेलं आहे.

ऐकणाऱ्यांनी ते जोन्सच्या आयुष्याला जोडलंच. टॅमी वायनेट ही त्यांची गायिका पत्नी. 1969 मध्ये लग्न, 1975 मध्ये घटस्फोट. लोकांना वाटलं हा तिच्यासाठीच गातोय. पण गाताना जोन्स त्याची कुठेच आठवण करून देत नाहीत. ते मित्राची भूमिका सोडत नाहीत. सुरुवातीची कडवी जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर, खालच्या सुरात, घाई नाही, हुंदका तर नाहीच. ध्रुवपदात व्हायोलिनांचा ताफा वर वर चढत जातो तेव्हा आवाज मोकळा होतो, पण तोही सुरावर पक्का उभा राहून. सगळं जग ज्याला मोडलेला माणूस म्हणत होतं, त्याने हे गाणं न मोडता म्हटलं आहे. याचा मला अजूनही फार आदर वाटतो.

तुमच्या वडिलांच्या आवडत्या गायकाचीही हीच शिस्त होती. जिम रीव्हज सुरुवातीच्या काळात मोठ्या, चढ्या आवाजात गात. 1957 मध्ये ‘फोर वॉल्स’ हे गाणं करताना त्यांनी आवाज खाली आणला आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून गायले. तो मऊ, शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज मग त्यांची ओळख झाली. 31 जुलै 1964 ला नॅशव्हिलजवळ वादळात त्यांचं विमान कोसळलं, ते स्वतःच ते चालवत होते. पण रेकॉर्ड जगभर फिरत राहिल्या, आणि आपल्याकडे गोव्यात, वांद्र्यात, रेल्वेच्या वसाहतींत कितीतरी घरांत त्या वाजल्या. वडिलांच्या कॅसेट अजून असतील, तर जोन्सच्या आधी त्या ऐका. रीव्हज एकाही शब्दावर जोर देत नाहीत, तरी एकही शब्द निसटत नाही.

थोडं मागे जातो, कारण ही ‘साक्षीदाराची’ पद्धत जोन्सपाशी सुरू झालेली नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडकडच्या वस्तीबरोबर कथागीतं अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत आली. त्यांत बुडालेली, मारलेली, सोडून गेलेली माणसं असत आणि गाणारा ते सगळं एका सपाट, न थरथरणाऱ्या आवाजात सांगत असे. 1927 च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीसाठी काम करणाऱ्या राल्फ पीअर यांनी टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात जी मुद्रणं केली, त्यांतून कार्टर कुटुंब हा गायकगट आणि गायक जिमी रॉजर्स पुढे आले. कार्टर कुटुंबाचं एक उदाहरण तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो. 1907 चं एक चर्चगीत होतं, एडा हॅबरशॉन यांचे शब्द आणि चार्ल्स गेब्रिएल यांची चाल. त्यात प्रश्न असा की स्वर्गात आपल्या माणसांचं कडं पुन्हा अखंड जुळेल का. सुंदर कल्पना, पण हवेतली. ए. पी. कार्टर यांनी ध्रुवपदाचा गाभा ठेवला आणि कडवी बदलून टाकली. 1935 मध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या गाण्यात एक माणूस थंड, ढगाळ दिवशी खिडकीशी उभा आहे, आईला न्यायला आलेली गाडी त्याला दिसते, आणि तो ती गाडी नेणाऱ्याला म्हणतो, जरा सावकाश ने, मला तिला जाऊ द्यावंसं वाटत नाही. चर्चगीत फारसं कुणाच्या ओठी नाही. कार्टरांचं गाणं आज नव्वद वर्षांनीही लोक एकत्र जमून म्हणतात. ‘सावकाश ने’ या एका विनंतीत जे आहे, ते स्वर्गाच्या वर्णनात नव्हतं.

आता तुमच्या गाण्याकडे.

तुम्ही लिहिलेल्या पत्रात, गाण्याच्या बाहेर, एक वाक्य आहे : बाबा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे आणि परतताना बर्फी आणायचे. हे वाक्य वाचून मी थांबलो. तुमचं गाणं इथे आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने दरवर्षी स्वतः जाऊन ‘मी जिवंत आहे’ असं लिहून द्यायचं, याहून चांगली वस्तू शोकगीताला कुठून मिळणार? सुरुवात अशी काहीशी होऊ शकते :

नोव्हेंबर लागला की बाबा बँकेत जायचे,
इस्त्रीचा सदरा, पायांत जुनीच जोडी;
रांगेत सगळ्यांना नावानं ओळखायचे,
येताना आईला बर्फी आणायचे थोडी.

हे मी पटकन जुळवलं आहे, तुम्ही यापेक्षा चांगलं कराल, कारण तो सदरा तुम्ही पाहिला आहे. मुद्दा एवढाच की यात दुःखाचा एकही शब्द नाही आणि भूतकाळातली क्रियापदं आपलं काम गुपचूप करताहेत. अशी दोन-तीन कडवी जाऊ द्या. पेन कुठलं, सही कशी करायचे, कारकुनाशी काय बोलायचे. एखाद्या वर्षी गुडघा दुखत होता आणि रिक्षाने गेले, असं काही असेल तर तेही. मग ध्रुवपद : ‘यंदा बाबांनी दाखला दिला नाही.’ ऐकणाऱ्याला आधी वाटेल, विसरले असतील, आजारी असतील. पुढच्या ओळीत तुम्ही कपाटात लटकलेला इस्त्रीचा सदरा दाखवा, किंवा बँकेकडून आलेला फोन. ‘गेले’ म्हणू नका.

दुसऱ्या ध्रुवपदाचा प्रश्न राहतो, तोही याच वस्तूत सुटतो. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं की पत्नीलाही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आता त्याच रांगेत आई उभी आहे. पहिल्यांदाच. रांगेतले लोक तिला ओळखत नाहीत, किंवा एखादा ओळखतो. हे कडवं तुम्ही बोलून सांगू शकता, जोन्सच्या रीतीने, मागे गिटार हलकी चालू ठेवून. त्यानंतर ‘यंदा बाबांनी दाखला दिला नाही’ पुन्हा म्हणाल, तेव्हा ते आईच्या कानावर पडत असेल. आईची परवानगी मात्र आधी घ्या. तिला गाणं ऐकवा आणि ती जे काढायला सांगेल ते काढा. जिवंत माणसाच्या दुःखावर आपला हक्क तिच्यापेक्षा कमी असतो.

घाईही करू नका. कंट्री गायक व्हिन्स गिल यांनी ‘गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन’ हे गाणं 1989 मध्ये गायक कीथ व्हिटली गेल्यावर लिहायला घेतलं आणि ते अडलं. 1993 मध्ये त्यांचा थोरला भाऊ वारला, त्यानंतर ते पुरं झालं. 1995 मध्ये ते सुटं गाणं (सिंगल) म्हणून आलं तेव्हा यादीत फार वर गेलंही नाही, पण पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार मिळाला, आणि आज अमेरिकेत अंत्यविधीला ते अतिशय गायलं जातं. तुमची दोन वर्षं म्हणजे उशीर नव्हे.

चालीबद्दल आता. तीन कॉर्ड पुरेशी आहेत, चौथी शोधू नका. नॅशव्हिलचे वादक कॉर्डना नावांऐवजी आकडे देतात : एक, चार, पाच. जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूज यांनी ती पद्धत काढली आणि चार्ली मॅककॉय यांनी ती स्टुडिओतल्या वादकांसाठी वाढवली. हेच मॅककॉय जोन्सच्या या गाण्यात हार्मोनिका वाजवतात. आपल्याला ही पद्धत शिकायला एक मिनिट पुरतं, कारण आपला षड्ज कुठेही धरता येतोच. एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प यांच्यावर उभी राहिलेली कॉर्ड. गाणं आकड्यांत लिहून ठेवा आणि मग कॅपो (गिटारच्या मानेवर लावून पट्टी बदलायचा चिमटा) सरकवत तुमची पट्टी शोधा. तुम्ही सध्या गाता त्याहून निदान दोन स्वर खाली या. कडवं बोलण्याच्या जागी बसलं पाहिजे, आणि ध्रुवपदातला सर्वांत वरचा स्वर तुम्हाला न ओरडता लागला पाहिजे. सध्या तो लागताना गळा ताणला जातो आणि ताणलेल्या गळ्यात हुंदका लगेच शिरतो. तुमचं रडू येणं काही अंशी पट्टीचंही आहे.

ठेक्यात तुम्ही एक गफलत करताय. तुमचं गाणं तीनच्या वजनात आहे आणि तुम्ही त्याला दादऱ्यासारखं झुलवताय. वॉल्ट्झमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य तीनच्या ठेक्यात, पहिल्या मात्रेवर फक्त खर्जाची तार, दुसऱ्या-तिसऱ्यावर हलका स्ट्रम (तारांवरून एकदम फिरवलेला हात), आणि झोका जवळजवळ नाही. सरळ चालायचं. मधल्या जागा भरायला कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टर यांची पद्धत शिका : अंगठ्याने जाड तारांवर गाण्याचीच सुरावट वाजवायची आणि तर्जनीने वरच्या तारांवर स्ट्रम करायचा. एकट्या गिटारवर गाणाऱ्यासाठी यासारखं साधन नाही. गायक थांबला तरी सुरावट चालू राहते.

हरकतींबद्दल थोडं कडक बोलतो. तुमचा गळा भावगीतात तयार झाला आहे आणि तो चांगला तयार झाला आहे. पण तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी मुरकी घेता. जोन्सही भरपूर वळणं घेतात, आधीचे कंट्री गायक लेफ्टी फ्रिझेल यांच्याकडून त्यांनी स्वर वाकवणं उचललं, पण ते वळण ओळीतल्या एकाच शब्दावर असतं, बहुतेकदा मधल्या, आणि स्वराला खालून जाऊन भिडणारं. आपल्या मींडेच्या जवळचं. ओळीचा शेवट ते साधा सोडतात. तुम्ही ध्रुवपदात फक्त ‘दाखला’ या शब्दात एकदा वाका, बाकी सगळं सपाट म्हणा. मराठीत ओळी दीर्घ स्वरावर संपतात आणि तो स्वर लांबवायचा मोह होतो. लांबवू नका. ‘नाही’ म्हणून सोडून द्या, तार वाजत राहू दे.

तुम्ही पेडल स्टीलबद्दलही विचारलं होतं, म्हणजे पेडल असलेल्या आडव्या गिटारबद्दल. तो रडणारा आवाज तुम्हाला हवा आहे आणि वाद्य मिळत नाही. पेडल दाबलं की वाजत असलेल्या कॉर्डमधली एक तार वर सरकते आणि बाकीच्या जागेवर राहतात, हे त्या आवाजाचं रहस्य. 1954 मध्ये वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी ते वाजवलं आणि सगळे कंट्री वादक त्यामागे लागले. पण त्याचं मूळ हवाई बेटांतल्या गिटारमध्ये आहे, मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायच्या. ती पद्धत जोसेफ केकुकू यांची मानली जाते. तीच गिटार आपल्याकडेही आली. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले यांनी ती हिंदी चित्रपटगीतांत वाजवली आणि ऑर्केस्ट्रांमधून ती गावोगाव पोहोचली. तुमच्या शहरात जुन्या ऑर्केस्ट्रातला एखादा हवाईयन गिटारवाला नक्की सापडेल. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगा : गाण्याची ओळ परत वाजवायची नाही, आणि गायिका श्वास घेते तेवढ्यातच बोलायचं. कोणी मिळालं नाही तर तशीच गा. कीबोर्डवरचा नकली स्टील आवाज कृपा करून लावू नका.

शेवटी तुमचा खरा प्रश्न, रडू आलं तर काय. ते येणार. मे 2013 मध्ये जॉर्ज जोन्सच्या अंत्यविधीच्या कार्यक्रमात, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री कार्यक्रमाच्या सभागृहात, व्हिन्स गिल आणि गायिका पॅटी लव्हलेस वर सांगितलेलं गिल यांचंच गाणं गायला उभे राहिले. गिल यांचा आवाज मध्येच फुटला, शब्द येईनात. त्यांचे हात गिटारवर चालूच राहिले आणि लव्हलेस यांनी आपला दुसरा आवाज (मूळ चालीसोबत गायची वेगळी सुरावट) धरून ठेवला. गाणं थांबलं नाही. त्या दिवशी शेवटी अ‍ॅलन जॅक्सन या कंट्री गायकाने ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ म्हटलं, टोपी काढून छातीशी धरली आणि ते मात्र मोडले नाहीत.

म्हणून ध्रुवपदाला दुसरा आवाज घ्या. आपल्याकडे गायकांना दुसरा आवाज शिकवत नाहीत, त्यामुळे वेळ लागेल. तुमच्या सुरावटीच्या वर तिसऱ्या स्वरावर चालणारी ओळ लिहून घ्या, म्हणजे तुम्ही सा वर असाल तेव्हा ती ग वर. बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल, फक्त ती वडिलांना फार जवळून ओळखणारी नको. आधी ती ओळ तिला एकटीला पाठ होऊ द्या, मग दोघी मिळून हातात गिटार न घेता म्हणा, आणि मग गिटारसकट. प्रत्येक तालमीत एकदा ठरवून ध्रुवपदाच्या मध्येच गाणं सोडा. हात चालू, तोंड बंद. ती पुढे म्हणत राहील, तुम्ही पुढच्या ओळीला परत या. ते जमायला लागलं की मुद्रण करून मला पाठवा. बोलून सांगायचं कडवं वेगळं पाठवा, कारण त्याचा वेग मला स्वतंत्र ऐकायचा आहे.